वैद्यभगिनींची परिषद : शोभा कीं साधन ?

निरनिराळ्या राष्ट्रांतील स्त्री-डॉक्टर एके ठिकाणीं जमल्या, त्यांनीं वैद्यकीय शिक्षण व स्त्रियांचें नेतृत्व या विषयांवर भाषणें केलीं, ठराव संमत केले आणि त्या आपापल्या देशीं परतल्या, अशी वार्ता वाचनांत आली म्हणजे आपल्यांपैकीं पुष्कळ जण पान उलटून मोकळे होतात. आमच्या शेलूच्या स्थानकावर पहांटेच्या गाडीची वाट पाहात असतां एका वयोवृद्ध गृहस्थांनीं याच विषयावर आम्हांस एक प्रश्न केला. ते म्हणाले, "मास्तर, डोंगरावरच्या वाडींत रात्रीं बाई अडली, म्हणजे तिथें परिषद येते कीं डॉक्टरीणबाई येते ?" प्रश्न खोंचक होता, परंतु खराहि होता. त्याचें उत्तर हंसण्यावारी न नेतां द्यावें, या हेतूनें हा अल्प लेख लिहिला आहे.

आमच्या मतें परिषद ही शोभेची वस्तु होऊं शकते, तसेंच ती कार्याचें साधनहि होऊं शकते. ती यांपैकीं कोणती झाली, हें व्यासपीठावरील भाषणांवरून ठरत नाहीं. मंडप उतरल्यावर मागें काय उरलें, यावरून ठरतें. हें पटवून देण्यास इतिहासांतील तीन उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें उदाहरण अगदीं आपल्या शेजारचें. शेलूहून गाडीनें तासाभराच्या आंत कल्याण येतें. तें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें माहेर. नवव्या वर्षीं लग्न, चवदाव्या वर्षीं बाळंतपण, आणि दहा दिवसांतच बाळ दगावलें, असें त्यांचें बालपण संपलें. १८८३ सालीं त्या समुद्रपार गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या व ११ मार्च १८८६ रोजीं पदवीधर झाल्या. तेथें १८८५ सालीं काढलेलें एक छायाचित्र आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशच्या पेहरावांत एकत्र दिसतात. तीन देशांच्या भगिनींचा तो एक लहानसा मेळावाच होता. परंतु स्वदेशीं परतल्यावर आनंदीबाईंच्या पाठीशीं उभें राहील असें मंडळ नव्हतें. कोल्हापूरच्या इस्पितळांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या जागेवर रुजूं होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वय अवघें एकवीस. त्यांची कीर्ति मागें राहिली. परंतु त्यांनीं संपादन केलेली विद्या एकाहि शिष्येच्या हातीं न पडतां त्यांच्याबरोबरच गेली.

दुसरें उदाहरण पंजाबांतील लुधियाना येथील. १८९३ सालीं डॉ. एडिथ ब्राउन यांनीं ठिकठिकाणीं सेवा करणाऱ्या मिशनरी स्त्री-डॉक्टरांस तेथें विचारविनिमयासाठीं बोलाविलें. जमलेल्यांची संख्या अल्पच होती. पण सर्वांची अडचण एकच निघाली : रोगी अपार आणि मदतनीस कोणी नाहीं. परदेशांतून येणाऱ्या मूठभर डॉक्टरांनीं हा भार कधींच उचलला जाणार नाहीं, येथल्याच मुलींस शिकविलें पाहिजे, असा त्यांचा विचार ठरला. पुढच्याच वर्षीं, १८९४ सालीं, चार विद्यार्थिनी घेऊन वैद्यकीय शाळा सुरू झाली. तीच आज लुधियानाचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज म्हणून उभी आहे. याच वाटेनें १९१८ सालीं वेल्लोर येथें डॉ. आयडा स्कडर यांनीं मुलींची वैद्यकीय शाळा काढली. लुधियानाच्या त्या बैठकींत वक्तृत्व किती झालें, हें आज कोणी विचारीत नाहीं. शाळा मागें राहिली, एवढें पुरे आहे.

यापुढें संघटनेचें युग आलें. १९०७ सालीं हिंदुस्थानांतील स्त्री-डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. पहिलें महायुद्ध संपतांच १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें अनेक देशांच्या स्त्री-डॉक्टर जमल्या व त्यांनीं आपला आंतरराष्ट्रीय संघ निर्माण केला, डॉ. एस्थर लव्हजॉय या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. १९२२ सालीं या संघाची परिषद जिनीव्हा येथें भरली. ज्या काळीं कित्येक इस्पितळांचीं दारें स्त्री-डॉक्टरांस बंद होतीं, त्या काळीं अनुभव, शिष्यवृत्ति व शिफारस यांची देवघेव करण्यास दुसरी जागाच नव्हती, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरें उदाहरण डॉ. जेरुशा झिराड यांचें. ज्या बेने इस्राएल समाजांत केहिमकर, पेणकर, रोहेकर अशीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील गांवांचीं आडनांवें आजहि आढळतात, त्या समाजांत त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून त्या विलायतेस गेल्या आणि १९१९ सालीं लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रांतील एम्. डी. पदवी घेऊन परतल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईचें कामा इस्पितळ त्यांच्या हातीं होतें. मुंबई शहरांत बाळंतपणांत माता कां मरतात, याची पद्धतशीर चौकशी त्यांनीं केली व तिचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. १९४७ पासून दहा वर्षें त्या हिंदुस्थानांतील स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. आनंदीबाईंस जें लाभलें नाहीं, तें सर्व येथें जुळून आलें : परदेशांत विद्या, स्वदेशांत इस्पितळ, हाताखालीं शिकणाऱ्या मुली आणि पाठीशीं मंडळ. विशेषतः मृत्यूची कारणें मोजण्याचें काम आम्हांस फार मोलाचें वाटतें. प्रत्येक घरांत जें दैव म्हणून सोसलें जात होतें, त्याचीं कारणें शोधून कागदावर मांडणें, हेंच खरें नेतृत्व होय.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. २०१८ ते २०२० या काळांत दर एक लक्ष जिवंत जन्मांमागें मातांच्या मृत्यूंचें प्रमाण सर्व भारतांत ९७ होतें, तर महाराष्ट्रांत तें ३३ पर्यंत उतरलेलें होतें. ही प्रगति थोर आहे, हें कोणीहि मान्य करील. तथापि सरासरीच्या आंकड्यांत पावसाळ्यांतील ओढ्यापलीकडची ठाकूरवाडी किंवा कातकरीवाडी निराळी दिसत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें दाखवून दिलें कीं, जगांतील आरोग्यसेवकांत सुमारें ७० टक्के स्त्रिया आहेत, परंतु वरिष्ठ अधिकाराच्या जागांवर त्या सुमारें २५ टक्केच आहेत. सेवा करावयास स्त्री हवी, निर्णय करावयास मात्र दुसरा कोणी, असा याचा अर्थ होतो. आंतरराष्ट्रीय संघाच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा आशय असा कीं, आम्ही मातेच्या हृदयानें रोग्याची शुश्रूषा करितों. आशय उदात्त आहे. परंतु नुसत्या मातृहृदयानें उपकेंद्राची जागा ठरत नाहीं, रुग्णवाहिकेस रस्ता मिळत नाहीं आणि एकट्या राहणाऱ्या परिचारिकेच्या खोलीला कडी बसत नाहीं. त्यासाठीं जेथें पैसा वांटला जातो व नकाशे मंजूर होतात, त्या टेबलाशीं खुर्ची लागते. म्हणूनच या परिषदांत नेतृत्वाचा विषय निघतो, आणि तो निघालाच पाहिजे.

मात्र या परिषदांचा एक दोष सांगणें आमचें कर्तव्य आहे. त्या बहुधा मोठ्या नगरीं भरतात आणि तेथें बोलणाऱ्याहि नगरवासीच असतात. जी परिचारिका चिखल तुडवीत वाडीवर जाते, जी आशाताई रात्रीं अपरात्रीं गरोदर बाईबरोबर निघते, तिला तेथें बोलावणें नसतें. आमची सूचना अशी कीं, अशा प्रत्येक परिषदेंत या भगिनींस प्रेक्षक म्हणून नव्हे, तर वक्त्या म्हणून आसन असावें. परतलेल्या प्रत्येक प्रतिनिधीनें आपल्या जिल्ह्यांतील निदान एका होतकरू मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा. आणि पुढील परिषदेच्या आरंभीं मागील ठरावांतून काय उभें राहिलें, याचा हिशेब वाचला जावा. हिशेब द्यावा लागेल हें ठाऊक असलें, म्हणजे ठरावहि बेतानेंच होतात.

त्या वृद्ध गृहस्थांस आमचें उत्तर हेंच : "बाबा, परिषद वाडीवर येत नाहीं, हें खरें. पण लुधियानास त्या मूठभर बायका जमल्या नसत्या, तर तेथें शिकून गांवोगांव गेलेल्या डॉक्टरीणबाईहि आल्या नसत्या. आजच्या परिषदा तसें कांहीं मागें ठेवीत नसतील, तर त्यांस जाब विचारण्याचा तुम्हांला पुरा अधिकार आहे." आणि विद्यार्थिनी-भगिनींनो, तुम्हांस इतकेंच सांगावयाचें कीं, रोज ज्या रूळांवरून तुमची गाडी जाते, त्याच रूळांवर पुढें कल्याण आहे. तेथली एक मुलगी पाठीशीं मंडळ नसतां निघाली होती. तुम्हांस सोबत आहे. तुम्ही शिका, आणि शिकल्यावर निदान एकीला तरी मागून घेऊन या.