नकाशात रूळ दिसतात, नालेही शोधा

वऱ्हाड प्रांत १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून घेतला. निमित्त कर्जाचे होते, डोळा कापसावर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि आपल्या काळ्या रानाची किंमत त्यांना कळली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि १९१३ साली अचलपूरला छोटी गाडी गेली. हीच आपली शकुंतला.

मैलाला एक इंच या मापाच्या सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर हे सारे दिसते. लोहमार्ग ठळक, स्टेशनांची नावे स्पष्ट. चार एकरांचे शेत मात्र त्या मापात जेमतेम दोन मिलिमीटरचा चौकोन. कापूस कोणत्या वाटेने गेला ते नकाशा सांगतो, काय भावाने गेला ते सांगत नाही.

तरीही हे नकाशे आपल्या कामाचे आहेत, असे आमचे मत आहे. रुळांसाठी नव्हे, पाण्यासाठी. पूर्णा, तिला मिळणारे नाले, विहिरी, गाडरस्ते आणि जमिनीचा उतार दाखवणाऱ्या रेषा त्यांत आहेत. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. तिथे कपाशी, ज्वारी आणि मागाहूनचा हरभरा पावसाच्या ओलीवरच येतो. नाला बुजला की वरच्या रानात पाणी तुंबते, कपाशी पिवळी पडते. मग शेजारी शेजाऱ्याशी भांडतो आणि नाला कुणी बुजवला हे विचारायचे राहून जाते.

पूर्वी असे नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २०१७ पासून सर्वे ऑफ इंडियाचे चालू नकाशे मोफत मिळू लागले, २०२१ साली नियम आणखी सैल झाले. जुने नकाशे मोठ्या ग्रंथालयांत आहेत. जुना आणि नवा शेजारी ठेवा. जुन्यात असलेला आणि नव्यात नसलेला नाला, गाडरस्ता लाल पेन्सिलीने रंगवा आणि शिवारात जाऊन पाहा. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. हद्दीच्या वादात हा नकाशा चालायचा नाही, त्यात गट नंबर नसतात. त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा काढा.

जिल्हा बैठकीने ठराव करावा: प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन्ही नकाशे भिंतीवर लागले पाहिजेत आणि रस्ता, भराव, बंधारा यांचे काम मंजूर होण्याआधी ते ग्रामसभेत उघडले पाहिजेत. आपला कापूस न्यायला नकाशे काढले गेले. आता आपले पाणी राखायला ते आपण वापरू.