परतीचा पाऊस लांबला, मग पलूसच्या छोट्या शेतकऱ्याने भाजीचा हंगाम कसा लांबवायचा?

पलूस तालुका म्हटलं की ऊस आणि द्राक्षं आठवतात. पण अडसाली ऊस १५ ते १८ महिने रानात उभा असतो. तोवर घरखर्चाला आठवड्याचा पैसा हवा, तर दहा-वीस गुंठ्यांतली भाजीच कामाला येते. हा भाजीचा हंगाम जितका लांबेल, तितका हातात पैसा खेळता राहतो.

अडचण नेमकी काय आहे?

हंगाम लांबवण्याचे बरेच व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे पिकाला बर्फापासून वाचवायचं असतं. आपल्याकडे उलट आहे. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरला आपली थंडी मानवते. धोका आहे तो सुरुवातीच्या पावसाचा आणि शेवटच्या उन्हाचा.

हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. पश्चिम राजस्थानातून मान्सून परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात सांगली, सोलापूर भागाला अतिवृष्टीने झोडपलं. कृष्णाकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते, वाफसा लवकर येत नाही आणि कोवळी रोपं मुळाशी कुजतात.

मग सगळे थांबतात, आणि भाव पडतो

पाऊस उघडल्यावर सगळ्यांची लागण एकदमच होते. टोमॅटोचा तोडा लागणीनंतर साधारण ६० ते ७० दिवसांनी सुरू होतो. म्हणजे ऑक्टोबरची लागण डिसेंबर-जानेवारीत एकाच वेळी बाजारात. त्यामुळे माल भरपूर, पण भाव नाही.

पॉलिहाऊस लागतंच का?

नाही. त्याला अनुदान असलं तरी स्वतःचा हिस्सा मोठा असतो. त्याआधी करण्यासारख्या गोष्टी स्वस्त आहेत:

• उंच गादीवाफा आणि चर: पाणी मुळाशी न थांबता निघून जातं. मल्चिंग पेपर आणि ठिबक त्यावरच बसतात.
• ट्रेमधली रोपं: रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात. तेवढे दिवस ते आडोशाला राहतं आणि वाफसा आला की लगेच लावता येतं.
• क्रॉप कव्हर: कमानींवरचं पांढरं पातळ कापड पांढरी माशी, फुलकिडे अडवतं. काकडी, दोडक्याला फुलं लागली की ते काढावं, नाहीतर मधमाश्या पोहोचत नाहीत.
• टप्प्याटप्प्याने लागण: वीस गुंठे एकदम लावण्यापेक्षा पाच-पाच गुंठे, पंधरा-पंधरा दिवसांनी.
• शेवटी पीक बदला: मार्चच्या उन्हात टोमॅटोची फुलगळ वाढते. तिथे भेंडी, गवार तग धरतात.

ज्यांचं सगळं रान उसाखाली आहे, त्यांना पूर्वहंगामी उसाच्या सरीत कोबी, फ्लॉवर किंवा कोथिंबीर घेता येते. मात्र मोठ्या बांधणीआधी ती निघाली पाहिजे.

याने हमी मिळते का?

भावाची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण चार टप्प्यांत लावलं, तर एका पावसात किंवा एका पडलेल्या बाजारात सगळं जात नाही. पलूसच्या वीस गुंठेवाल्यासाठी हंगाम लांबवण्याचा खरा फायदा हाच आहे.