दोन तासांची नोंद

बेंबळीत दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्याच्या घरचे आधी 'कुणाची ओळख आहे का' हे शोधतात. ही धावपळ फुकट आहे. मोटार वाहन कायद्यातले कलम 185 तडजोडपात्र नाही, म्हणून पावती फाडून ते मिटत नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. मात्र गुन्हा जामीनपात्र आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणून 'कबूल करून मोकळा हो' हा सल्ला घातकच.

कलम 202 नुसार अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सुटका. लोक म्हणतील, दारुड्याला कसल्या सवलती? आम्हालाही रस्त्यावरच्या पायी माणसाचीच काळजी आहे, आणि अटकेची वेळ कोरी राहिलेल्या कागदावर खटला ढासळतो तेव्हा नुकसान त्याचेच होते. ठाण्यात ही वेळ आरोपीसमोर लिहावी. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही तिथेच सांगावे.