वायूच्या दाबाने विश्व फुगत नाही



विश्वाचे प्रसरण वेग घेते ते तप्त वायूच्या दाबामुळे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटण्यासारखे नाही. इथे दशाश्वमेध घाटावर आरतीच्या गर्दीत पोराच्या हातून गॅसचा फुगा सुटला, की तो वर जाताना आणखी फुगतो, कारण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. ढकलायला दाबातला फरक लागतो. विश्वात मोठ्या पल्ल्यावर पदार्थ सगळीकडे सारखाच पसरलेला आहे. ‘बाहेर’ असे काही नाहीच, मग ढकलायचे कोणाला?

उलट, आइन्स्टाइनच्या समीकरणांत घनतेबरोबर दाबही गुरुत्वाकर्षणात भर घालतो. म्हणजे वायूचा दाब प्रसरणाला ब्रेकच लावेल. वेग वाढायला ऋण दाब हवा, तोही ऊर्जाघनतेच्या एक तृतीयांशाहून जास्त. साध्या वायूला ते जमत नाही.

याच काशीत हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९६०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह असा ऋण दाब देणारे, ऋण ऊर्जेचे निर्मितिक्षेत्र मांडले. त्यांच्या स्थिर-स्थिती विश्वाचे प्रसरणही वेग घेणारेच होते. १९९८मध्ये अतिनवताऱ्यांवरून वेगवाढ जाहीर झाली, तरी तिचे कारण मानली गेलेली ऋण दाबाची कृष्ण ऊर्जा नारळीकरांनी मुकाट्याने स्वीकारली नाही. दूरच्या अतिनवताऱ्यांचा मंदपणा धातूच्या सूक्ष्म तंतूंच्या धुळीमुळे असू शकेल, असे त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले. पण निरीक्षणांशी आकडे ताडून. पत्रलेखकांनीही वेगळे मत जरूर मांडावे, मात्र सोबत गणित द्यावे.

– एक वाचक, दशाश्वमेध, वाराणसी