पॉलिसी चालते म्हणून आयसीयू नको

कर्करोग हाताबाहेर गेला, डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असं सुचवलं, तरी घरचे पेशंटला पुन्हा आयसीयूत नेऊन ठेवतात. त्यामागे माया असते, भीती असते, नातेवाईक काय म्हणतील हेही असतं. आणखी एक कारण मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही. तिथे कॅशलेस चालतं. घरी नर्स ठेवली तर पैसे खिशातून, ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं तर खिशातून, आयसीयूचं बिल मात्र कंपनी भरते. हे गणित मला कळतं. तरीही माणसाने शेवटचे दिवस कुठे काढायचे हे पॉलिसीने ठरवू नये, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

हॉस्पिस म्हटलं की लोकांना ती मरणाची वाट बघत पडून राहायची जागा वाटते. प्रत्यक्षात तिथे दिवसभर काम चालू असतं. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून देतात. पेशंट कण्हायला लागायची वाट बघत नाहीत. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचकही पहिल्या दिवसापासून असतं. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकतात. कूस बदलून देतात, कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसाने पुसतात. घरच्यांनाही हे सगळं शिकवतात, म्हणजे पुढे घरी करता येतं.

मॉर्फिनला लोक फार घाबरतात. दुखण्याच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल ही भीती बाजूला ठेवा. अडचण वेगळीच होती. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध दवाखान्यांना मिळणंच जिकिरीचं झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तेव्हा आपल्या जिल्ह्यात ते कुठे मिळतं, ही चौकशी दुखणं असह्य होण्याआधीच करा.

मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन १९८६पासून चालू आहे. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीला त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र १९९७पासून आहे. या ठिकाणी कर्करोगाच्या पेशंटकडून पैसे घेत नाहीत. टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह विभागाचं पथक पेशंटच्या घरीही जातं. म्हणजे विमा नसला तरी दार बंद नाही. या सेवेसाठी सगळे उपचार थांबायला हवेत असंही नाही. केमो चालू असतानाही पॅलिएटिव्ह डॉक्टरांना दाखवता येतं, आणि तेव्हाच दाखवावं.

आता विम्याचं. पॉलिसीचं पुस्तक काढा आणि वगळलेल्या बाबींचं पान उघडा. २०१९मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. त्यातला पाचवा शोधा. नुसत्या विश्रांतीसाठी भरती होणं. आंघोळ, कपडे, उठबस यांसाठी लागणारी मदत. आणि मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक व आध्यात्मिक गरजांसाठीची सेवा, असं सगळं त्यात बाहेर काढलेलं असतं. हॉस्पिस जे करतं, नेमकं तेच. हे कलम मला अन्यायाचं वाटतं. नियामकाने ते बदलावं, कारण त्यामुळे माणसं नको तितक्या नळ्यांमध्ये अडकून पडतात.

तोवर आहे त्यातून काय मिळतं ते पाहा. दुखणं अचानक वाढलं, पोटात पाणी झालं, धाप लागली, रक्त चढवावं लागलं आणि त्यासाठी नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये भरती झाली, तर तो उपचार आहे आणि त्याचा क्लेम होऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पॅलिएटिव्ह केअर’ असं लिहिलं की टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा मध्यस्थ, तिथेच बोट ठेवतो. कोणता त्रास होता, त्यावर काय केलं, हे खरं खरं आणि सविस्तर लिहून मागा. घरी आल्यावरच्या त्याच आजाराच्या औषधांची बिलंही ठेवा. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात. पेशंटला हलवणंच शक्य नसेल तर घरच्या उपचारांचं, म्हणजे डोमिसिलिअरीचं, कलम आहे का ते बघा. त्याला डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं, आणि उपचार साधारणपणे तीन दिवसांहून जास्त चालावे लागतात. घरच्या शुश्रूषेसाठी वेगळं कवच घेतलेलं आहे का, हे कंपनीला ईमेलने विचारा. एजंटने फोनवर दिलेला शब्द क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर ती आधी बाहेर काढा. तिचे पैसे निदानावर एकरकमी मिळतात आणि ते आयाबाईच्या पगारालाही वापरता येतात. काही टर्म पॉलिसींत आयुष्य थोडंच उरल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर विम्याची रक्कम हयातीतच मिळते. घरात कुणाला हे माहीतच नसतं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

हे सगळं ठरवताना पेशंटला विचारायचं राहून जातं. ‘बाबांना सांगू नका’ असं बाहेर दाराशी कुजबुजत मुलं सगळं ठरवतात, आणि आत बाबांना सगळं कळलेलं असतं. विचारा त्यांना. व्हेंटिलेटर हवा की नको, हे त्यांना आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ही मुभा दिली आणि २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढ्यावर ते होतं.

घरीच ठेवायचं ठरलं, तर फॅमिली डॉक्टरांना आजच बोलावून पेशंट दाखवून ठेवा आणि फाइलची एक प्रत त्यांच्याकडे द्या. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४ए, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच द्यावा लागतो. ज्यांनी पेशंट कधी पाहिलाच नाही ते डॉक्टर रात्री दोन वाजता सही करायला कचरतात, आणि मग घरच्यांना नको त्या वेळी धावपळ करावी लागते.