बँकेची सवलत काढली, सोसायटीची कुठं काढली?

हरभरा चांगला उगवून आलाय, मर रोगाचं दोन दिवसांनी लिहितो. आज पिकाचं नाही, सोसायटीचं आहे.

आमच्या विकास सोसायटीला आयकराची नोटीस आली. गटसचिव मोबाईल घेऊन पारावर आले, मेलवरचा तो कागद कुणालाच कळंना. मी संचालक, पण शिक्षण दहावी. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, एवढंच आजवर ऐकलेलं. शेवटी कर सल्लागाराकडं दोन चकरा मारल्या तेव्हा उमगलं.

सोसायटीच्या जिल्हा बँकेत ठेवी आहेत. त्यावर वर्षाला ४ लाख १२ हजार व्याज आलं. अधिकारी म्हणतात, याला सवलत नाही, सव्वा लाखाच्या आसपास कर भरा, वर उशिराचं व्याज वेगळं. अहो, आमचा लाभांश तरी तेवढा निघतो का?

आता कायदा बघा. आयकर कायद्याचं कलम ८०पी सहकारी संस्थांसाठी आहे. सभासदांना कर्ज देऊन जे मिळतं त्याला सवलत. आणि त्यातच (२)(डी) म्हणतं, दुसऱ्या सहकारी संस्थेत ठेवलेल्या पैशाच्या व्याजाला पूर्ण सवलत. मग भांडण कशाचं? २००६ च्या वित्त कायद्यानं ८०पी(४) आलं आणि सहकारी बँकांची सवलत गेली. खातं म्हणतं, जिल्हा बँक आता बँक आहे, सहकारी संस्था नाही, म्हणून तिच्याकडून आलेलं व्याज बसत नाही.

मला हे पटत नाही. शेजाऱ्याचं वीज कनेक्शन तोडलं म्हणून माझा मीटर बंद करणार का? सवलत बँकेच्या नफ्याची काढली. बँक नोंदलेली आहे सहकार कायद्यातच, आणि आम्ही तिचे ठेवीदार. शिवाय पैसा कुठं गुंतवायचा ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७० सांगतं, त्यात जिल्हा बँक येते. एका कायद्यानं दाखवलेल्या ठिकाणी पैसा ठेवला तर दुसरा कायदा कर लावणार!

अधिकारी सिरसीच्या तोटगार संस्थेचा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढं करतात. ती माल विकणारी संस्था, सभासदांचे द्यायचे पैसे तिनं ठेवीत टाकले होते. ते व्याज धंद्याचं का इतर उत्पन्न, एवढाच तिथं वाद. (२)(डी) चा प्रश्न नव्हताच. आणि जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या मविलायी बँकेच्या निकालात त्याच न्यायालयानं सांगितलं की ८०पी सहकाराच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचा. तरी नोटिसा थांबत नाहीत, उच्च न्यायालयांचे निकालही दोन्ही बाजूंनी आहेत. आम्ही अपिलात गेलोय.

पण सगळा दोष खात्याला देऊन चालणार नाही. आमच्या बैठकीत एकानं विचारलं, अर्धा टक्का जास्त मिळतंय तर ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत का नाही टाकत? तिथलं व्याज (२)(डी) मध्ये बसतच नाही. अर्ध्या टक्क्यासाठी तीस टक्के कर!

दुसरं, रिटर्न. २०१८-१९ च्या कर निर्धारण वर्षापासून मुदतीत रिटर्न भरलं नाही तर ८०पी ची सवलतच नाही, निकाल कितीही आपल्या बाजूचा असो. लेखापरीक्षण लागणाऱ्या संस्थेची मुदत एरवी ३१ ऑक्टोबर. आमचं एक वर्ष असंच हुकलं, लेखापरीक्षक दिवाळीनंतर आला म्हणून. अशा उशिरासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं जुलै २०२३ मध्ये परिपत्रक १३ काढलं, २०२२-२३ पर्यंतच्या वर्षांचे माफीचे अर्ज घेतले. आम्हाला ते कळलं उशिरा. आपण खतांच्या रांगेत होतो ना!

आता ज्यांच्या सोसायट्या आहेत त्यांनी सचिवाकडं जाऊन गेल्या पाच वर्षांच्या रिटर्नच्या पावत्या मागा, तारखा बघा. आणि नोटिसा कोणत्या मेलवर येतात तेही विचारा. आमचा मेल जुन्या सचिवाच्या नावावर निघाला, तो निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.