भाकरतुकडा ओवाळल्यानंतर

कमी दिवसांचे बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशुकक्षात तीन-चार आठवडे काढून घरी परतते, तेव्हा दारातच मायलेकरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो. आजी दृष्ट काढते, शेजारणी डोकावून जातात. ज्या जिवाची आशा सोडली होती तो उंबरठा ओलांडून आत आला, या आनंदाला मोल नाही. मात्र त्यासाठी खर्च पडतो. आणि तो कोणी सोसायचा, हा निव्वळ घरगुती प्रश्न नव्हे.

1 जून 2011 पासून सरकारी रुग्णालयांत आजारी नवजाताचे उपचार, औषधे, तपासण्या आणि घरी पोचवण्याचे वाहन मोफत ठरले. ही मोठीच मिळकत होय. परंतु बिल शून्य असले तरी मजूर कुटुंबाच्या अंगावर उसनवारी चढलेली असते. कारण त्या आठवड्यांत दोघांचीही मजुरी बुडालेली असते. शिवाय खरी जोखीम घरी आल्यावर पुन्हा सुरू होते. अशा बाळाला आईच्या छातीशी तासन् तास ऊब हवी, दोन-दोन तासांनी दूध हवे, डोळे व कान तपासण्यासाठी रुग्णालयात खेपा हव्यात. म्हणजेच आईचा वेळ हवा. आणि मजुराच्या घरात आईचा वेळ म्हणजेच रोजी.

संघटित क्षेत्रातील स्त्रीला 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. खुरपणीला जाणारीला ती कोण देणार? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातांना किमान 6,000 रुपयांचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात 2017 च्या योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये ठेवले गेले. 2022 पासून दुसऱ्या अपत्यासाठीही 6,000 रुपये मिळू लागले, पण ते मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झालेल्या आईची रोजी बुडत नाही काय?

घरच्या घरी नवजाताला जगवता येते, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत दाखवून दिले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून तेथील नवजात-मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटवल्याचा त्यांचा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला. त्याच वाटेने 2011 मध्ये देशभर 'आशा'वर घरभेटींचे काम सोपवले गेले. रुग्णालयातील बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा भेटी, आणि त्यांचा मिळून मोबदला ठरला 250 रुपये! एका भेटीचे बेचाळीस रुपयेही होत नाहीत. वर तिला संबोधायचे 'स्वयंसेविका'.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची हवी: असंघटित मातेला, बाळ रुग्णालयात असतानाचे दिवस धरून, किमान वेतनाइतका प्रसूतिभत्ता, आणि आशाला कर्मचाऱ्याचा दर्जा व पगार. कार्यकर्त्यांनी गावात असे बाळ आल्याचे कळताच पेढा जरूर खावा. पण आई किती दिवसांनी पुन्हा कामावर निघाली, हेही विचारून यावे.